योग मोजून पाहणारे स्वामी

भोसरी, चिंचवड, आकुर्डी, चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला एक खोड लागते. कोणी कितीही छातीठोकपणे काही सांगितले, तरी तो आधी विचारतो, मोजले का? शाफ्ट बरोबर आहे असे ऑपरेटर म्हणतो म्हणून तो बरोबर ठरत नाही. मायक्रोमीटरने तसे सांगावे लागते. मी तीस वर्षांहून अधिक काळ इन्स्पेक्शन विभागात काढला, त्यामुळे ही खोड माझ्या हाडीमांसी खिळली आहे. योगाविषयी जे बोलले-लिहिले जाते त्यातले पुष्कळसे माझ्या घशाखाली उतरत नाही, ते बहुधा यामुळेच. आणि योगाच्या क्षेत्रातला एक माणूस मला फार जवळचा वाटतो, तोही यामुळेच.

पुण्याहून सुटणारी लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड करीत, तळेगाव, कामशेत, मळवली मागे टाकीत जिथे जाऊन थांबते, त्या लोणावळ्यात हा माणूस चार दशके राहिला आणि काम करीत राहिला. लोणावळा म्हटले की आपल्याला चिक्की आठवते, भुशी धरण आठवते, पावसाळ्यातली वाहनांची रांग आठवते. कैवल्यधाम हे नाव त्या मानाने थोड्यांना आठवते. ते ज्यांनी उभे केले त्या स्वामी कुवलयानंदांचे नाव तर योगाच्या इतिहासावरील परदेशी ग्रंथांतून जितके भेटते तितके आपल्या बोलण्यात भेटत नाही. २०१९ साली त्यांच्या नावाने टपाल तिकीट निघाले, तेव्हा आमच्या कट्ट्यावर दोन-तीन जणांनी विचारले, हे कोण?

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गायकवाडांच्या बडोदे संस्थानातल्या डभोई गावचा. वडील शिक्षक. घरची परिस्थिती बेताचीसुद्धा म्हणता येणार नाही अशी. शिक्षणासाठी वेळोवेळी धर्मादाय मदतीचा आणि परक्यांच्या औदार्याचा आधार घ्यावा लागला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. आजच्या पिढीला तिचे महत्त्व कळणे कठीण आहे. पण त्या काळी शंकरशेट स्कॉलर म्हटले की माणसाची आयुष्यभराची ओळख तेवढ्यात होऊन जाई. या शिष्यवृत्तीच्या बळावर ते बडोदा कॉलेजात गेले आणि १९१० मध्ये पदवीधर झाले.

त्या काळचे बडोदे हे तरुणाला घडवणारे गाव होते. अरविंद घोष तिथल्या कॉलेजात शिकवून गेले होते आणि त्यांचा प्रभाव विद्यार्थ्यांवर टिकून होता. महाराष्ट्रातून टिळकांच्या राजकारणाचे वारे येत होते. आणि गावात जुम्मादादांची व्यायामशाळा होती. राजरत्न माणिकराव तिचे चालक. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे जगन्नाथ गुणे यांनी माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. म्हणजे एकीकडे संस्कृतातले शब्दन् शब्द तोलणारी बुद्धी आणि दुसरीकडे आखाड्यातली माती, असा हा जोड होता. विद्यार्थीदशेतच त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे आणि लोकसेवेचे व्रत घेतले. त्या काळात अशी व्रते घेणारे तरुण बरेच होते. ती निभावणारे कमी निघाले. हे निभावणाऱ्यांपैकी.

पुढचा मुक्काम खानदेशात, अमळनेरला. खानदेश एज्युकेशन सोसायटीने तिथे राष्ट्रीय महाविद्यालय काढले होते. गुणे त्याचे प्राचार्य झाले. १९२० साली ते महाविद्यालय बंद पडले. तिथली राष्ट्रीय वृत्ती इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलत होती. अमळनेरचे नाव घेताच मराठी माणसाला साने गुरुजी आठवतात, ते तिथे शिक्षक म्हणून आले त्याच्या आधीची ही गोष्ट. १९२३ पर्यंत गुण्यांनी विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृती शिकवली. एवढ्यावर त्यांचे चरित्र थांबले असते तरी जळगाव जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात एका सद्गृहस्थाची नोंद म्हणून ते शिल्लक राहिले असते.

पण १९१९ साली त्यांची गाठ परमहंस माधवदासजींशी पडली. हे बंगाली योगी नर्मदेच्या काठी, बडोद्याजवळच्या मालसर येथे येऊन राहिले होते. त्यांच्याच दुसऱ्या एका शिष्याने, म्हणजे श्रीयोगेंद्रांनी, १९१८ मध्ये मुंबईत योग इन्स्टिट्यूट सुरू केली होती. विसाव्या शतकात योग घराघरांत नेणाऱ्या दोन संस्था एकाच नदीकाठच्या एकाच गुरूकडून निघाल्या, ही गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. माधवदासजी १९२१ मध्ये निवर्तले. गुण्यांना त्यांचा सहवास दोन वर्षांचाच मिळाला. मात्र तेवढ्यात जे शिकायला मिळाले, त्याने हा माणूस स्वस्थ बसेनासा झाला.

इथे खरी गोष्ट सुरू होते. गुरूने शिकवलेल्या क्रियांनी आपल्याला बरे वाटते, हे गुण्यांना अनुभवाने कळत होते. दुसरा कोणी असता तर त्याने हा अनुभव हेच प्रमाण मानून शिष्य गोळा केले असते. गुण्यांना मात्र प्रश्न पडला की, या क्रियांच्या वेळी शरीराच्या आत नेमके होते तरी काय? १९२०-२१ च्या सुमारास आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन ते बडोद्याच्या इस्पितळात गेले आणि उड्डियान व नौली या क्रियांची तपासणी सुरू केली. डोळ्यांसमोर आणून पाहा. संस्कृतचा एक मास्तर, बरोबर उघड्या अंगाची चार पोरे, आणि समोर क्ष-किरणांचे यंत्र. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांनी ते यंत्र पाहिलेही नव्हते. योगी माणसाच्या पोटात डोकावायला ते वापरावे ही कल्पना डॉक्टरांना विचित्र वाटली असेल आणि योग्यांना पाखंडी.

नौली म्हणजे श्वास पूर्ण सोडून, पोट आत ओढून, पोटाचे दोन उभे स्नायू पुढे काढून घुसळणे. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, पहिल्यांदा पाहताना माणूस दचकतो. हिच्याशी जोडलेली एक जुनी क्रिया आहे, बस्ती. योगी नाभीपर्यंत पाण्यात बसतो आणि कोणत्याही पिचकारीशिवाय गुदमार्गाने पाणी आत ओढून घेतो. ते वर कसे चढते? परंपरेचे उत्तर होते की अपानवायूच्या सामर्थ्याने. गुण्यांनी त्या उत्तराची टवाळी केली नाही आणि ते तसेच स्वीकारलेही नाही. मोठ्या आतड्यात नळी घालून ती त्यांनी पाऱ्याच्या मॅनोमीटरला जोडली आणि नौली करायला लावली. पारा हलला. नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होत होता. बाहेरचा दाब जास्त, आतला कमी, मग पाणी आत जाणारच. आमच्या शॉपमधल्या पंपाचे सक्शन याच नियमाने चालते.

या पोकळीला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. गुरूच्या नावाने तिला माधवदास पोकळी म्हटले. मला या नावात त्यांचा सगळा स्वभाव दिसतो. गुरूने जे सांगितले ते तपासून पाहायचे, तपासात जे सापडले ते छापायचे, आणि त्यावर नाव गुरूचे घालायचे. श्रद्धा आणि शंका यांचे एकमेकींशी भांडण असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा पारा आठवावा.

ऑक्टोबर १९२४ मध्ये, दसऱ्याच्या मुहूर्तावर, लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना झाली. गुणे मास्तर आता स्वामी कुवलयानंद झाले होते. कुवलय म्हणजे कमळ. त्याच वर्षी त्यांनी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक काढले. त्याची रचना पाहण्याजोगी होती: एक विभाग निखळ शास्त्रीय, दुसरा अर्धशास्त्रीय आणि तिसरा सामान्य वाचकासाठी. पहिल्या विभागात क्ष-किरणांची चित्रे, दाबाची कोष्टके, कोणावर प्रयोग केला आणि कसा केला याची माहिती. तिसऱ्यात आसने कशी करावीत याचे घरगुती मार्गदर्शन. जुने अंक मी ग्रंथालयात बसून चाळले आहेत. पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या त्या कोष्टकांकडे पाहताना मला आमचे इन्स्पेक्शन रिपोर्ट आठवले. वाचताना कंटाळा येतो, पण त्या कंटाळ्यातच त्यांची किंमत आहे.

प्रयोगांचा निकाल आपल्या आवडीच्या समजुतीविरुद्ध गेला तर काय करायचे? माझ्या मते खरी कसोटी इथे लागते. प्राणायामाबद्दल त्या वेळी एक समजूत होती आणि ती आजही जिवंत आहे. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो आणि म्हणून तो गुणकारी, अशी ती समजूत. सांगायला सोपी, पटायला सोपी. कुवलयानंदांनी श्वासातल्या वायूंचे मापन केले आणि सांगून टाकले की प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत शोधू नये. ते त्यांनी छाती-पोटातल्या दाबाच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामांत शोधले. आज शरीरशास्त्राचे पुस्तक उघडणाऱ्याला हे पटायला अडचण नाही. निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू साध्या श्वासानेही जवळजवळ पुरेपूर भरलेला असतो. संथ श्वासाचा, विशेषतः लांबवलेल्या उच्छ्वासाचा परिणाम होतो तो हृदयाची गती मंदावण्यावर, आणि मज्जातंतूंच्या ज्या शाखेने शरीर शांत होते तिच्यावर. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचे डोके भणभणत असते, अंग दमलेले असते आणि झोप मात्र येत नाही. त्याला हवी असते ती ही शांतता. आणि तरीही गल्लोगल्ली प्राणवायूचीच गोष्ट सांगितली जाते.

येल विद्यापीठातून कोवूर बेहानन हे मूळचे केरळचे अभ्यासक १९३० नंतरच्या वर्षांत लोणावळ्याला येऊन राहिले, स्वामीजींकडे शिकले, आणि १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी स्वतःवर केलेल्या चाचण्यांत प्राणायामानंतर बेरजा करण्यासारखी बौद्धिक कामे काही काळ मंदावलेली आढळली. मनाला मात्र स्वस्थता वाटत होती. प्राणायामाने बुद्धी तल्लख होते असे फलक लावणाऱ्यांना हा निकाल गैरसोयीचाच. पण कुवलयानंदांच्या शिष्याने तो दडवला नाही. १९५७ मध्ये अमेरिकेहून वेंगर आणि बागची हे दोघे शास्त्रज्ञ यंत्रे घेऊन भारतभर योग्यांच्या शोधात फिरले. त्यांनाही लोणावळ्याचे दार उघडे होते. हृदय बंद पाडण्याचा दावा करणाऱ्या योग्यांची तपासणी करून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६१ मध्ये निष्कर्ष छापला. हृदय थांबत नव्हते. श्वास कोंडून छातीतला दाब वाढवल्यामुळे नाडी आणि ठोके लागेनासे होत होते. चमत्कार गेला, पण शरीराविषयीची एक माहिती हाती आली.

यावरून असे समजू नये की त्यांचे सगळेच म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले. सर्वांगासनाने कंठग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला रक्तपुरवठा वाढून तिचे आरोग्य सुधारते, यावर त्यांचा बराच भर होता. अंतःस्रावी ग्रंथींचा त्या काळी सर्वत्र बोलबाला होता. इन्सुलिनचा शोध १९२१ चा. नव्या शास्त्राच्या प्रकाशात जुने आसन पाहताना थोडा उत्साह जास्त झाला, असे मला वाटते. आज थायरॉइडच्या रुग्णाने गोळी बंद करून सर्वांगासन करावे असे म्हणायला कोणताही आधार नाही. परंतु ज्याने प्रयोगाची वही उघडी ठेवली त्याच्या चुकाही पुढच्यांना दुरुस्त करता येतात. ज्यांची वहीच नसते त्यांचे काय करणार?

थोरामोठ्यांशी त्यांचा संबंध आला तोही प्रकृतीच्या निमित्ताने. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणीकडच्या दौऱ्यात गांधीजींची तब्येत एकाएकी बिघडली. रक्तदाब वाढला होता. आधी आंबोलीला आणि नंतर म्हैसूरकडच्या नंदी टेकडीवर ते विश्रांतीसाठी राहिले. त्या महिन्यांत त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. विषय आसने आणि प्रकृती. गांधीजी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्यात कोणाला हार जाणारे नव्हते, तेव्हा दोन प्रयोगशील माणसांची ती गाठ होती.

मोठ्या नावांपेक्षा मला त्यांची पुस्तके अधिक महत्त्वाची वाटतात. १९३१ च्या सुमारास आसने आणि प्राणायाम यांवरची त्यांची दोन पुस्तके आली. आसनांच्या पुस्तकात त्यांनी आसनांचे दोन वर्ग केले, शरीरसंवर्धनाची आणि ध्यानाची. हे झाले शास्त्र. पण त्यापुढे त्यांनी जे केले त्यात शिक्षक दिसतो. पूर्ण अभ्यासक्रम वेगळा, थोडक्यातला वेगळा, आणि ज्याला दोन्ही झेपणार नाहीत त्याच्यासाठी अगदी सोपा असा तिसरा. कोणी काय करू नये याच्या सूचनाही दिल्या. सगळ्यांना एकच माप लावायचे नाही. कारखान्यात एकाच साच्यातून हजार नग काढता येतात. माणसांचे तसे नाही, हे या संन्यस्त वृत्तीच्या माणसाला कळले होते. १९३६ मध्ये त्यांचे यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक निघाले. शाळेच्या मैदानावर मुलांना रांगेत उभे करून, आज्ञा देऊन योगाचे व्यायाम कसे घ्यावेत, हा त्याचा विषय. म्हणजे आज २१ जूनला मैदानावर जे दिसते त्याची एक पूर्वतयारी लोणावळ्यात तेव्हाच झाली होती, असे म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की, तिथे रांगेत उभी राहायची ती शाळकरी मुले, आणि व्यायामही त्यांना झेपतील असेच निवडलेले.

रुग्णांसाठी त्यांनी वेगळी वाट काढली. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला शाखा निघाली, १९३६ मध्ये ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्हवर आली आणि ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने चालू लागली. १९५० च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेकसरिया यांच्या नावाने योग महाविद्यालय उभे राहिले. १९६१ मध्ये यौगिक रुग्णालय निघाले. तिथे जुनाट कार्यविकारांवर उपचार होत. कार्यविकार म्हणजे अवयव शाबूत पण त्याचे काम बिघडलेले, असा दुखण्यांचा वर्ग. मोडलेले हाड आणि सडलेले आतडे योगाने नीट होईल असा दावा नव्हता. रुग्णालयाच्या कामाची ही हद्द आखून घेणे मला प्रयोगांइतकेच मोलाचे वाटते. १८ एप्रिल १९६६ रोजी ते गेले. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजींनी संस्था सांभाळली. योगमीमांसा आजही निघते.

ते गेले तेव्हा आपला हा पट्टा नुकता आकार घेत होता. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला होता. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. चिंचवड अजून मोरया गोसावींचे आणि चापेकरांचे गाव होते, आणि चाकण म्हणजे संग्रामदुर्ग व कांद्याचा बाजार. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली १९७० मध्ये आणि महापालिका १९८२ मध्ये. कामगारांसाठी म्हणून कुवलयानंदांनी काही वेगळे लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. तरीही त्यांच्या कामाची गरज आज जिथे सर्वांत जास्त आहे ती जागा मला हीच वाटते.

कारण उघड आहे. असेंब्ली लाइनवर आठ-आठ तास उभे राहणारा मुलगा पंचविशीत कंबर धरू लागतो. पायांच्या शिरा फुगतात. आठवड्याआड पाळी बदलते, मग जेवणाची वेळ बदलते, मग पित्त, मग झोप. कंत्राटी असेल तर उद्याची धास्ती वेगळी. याला कोणी सांगतो, योग कर, सगळे पळून जाईल. दुसरा सांगतो, ते सगळे थोतांड, गोळी घे. दोघांनीही मोजलेले नसते.

मोजणारे आज जगात पुष्कळ आहेत. जुनाट कंबरदुखी आणि योग यांवर २०१७ साली कॉक्रेन या संस्थेने बारा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. रुग्ण हजाराहून थोडे अधिक. काहीच व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची हालचाल तीन आणि सहा महिन्यांनी थोडी ते मध्यम सुधारली. वेदनाही कमी झाली, पण नजरेत भरण्याइतकी नाही. दुसऱ्या व्यायामांपेक्षा योग सरस, असे ठरले नाही. काहींची पाठदुखी उलट वाढली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या महाविद्यालयाने जुनाट कंबरदुखीवर औषधाआधी ज्या उपायांचा विचार करावा त्यांत योगाचे नाव घातले. दम्यावरच्या २०१६ च्या आढाव्यात रुग्णांचे रोजचे जगणे थोडे सुकर झाल्याचे दिसले. रक्तदाब काही अंशांनी उतरतो, उदासी आणि चिंता यांची तीव्रता कमी होते, असेही अनेक अभ्यास सांगतात. पण हा सगळा पूरक उपचार, चालू औषधांच्या जोडीचा. फलकावर लिहिण्याजोगे यात काही नाही. तरी ज्याची कंबर दुखते त्याच्या दृष्टीने थोडी ते मध्यम सुधारणा म्हणजे मुलाला उचलून घेता येणे आणि बसमध्ये उभे राहता येणे. ती काही लहान गोष्ट नव्हे.

माझ्या ओळखीतल्या एका वेल्डरने एका शिबिरातून परत आल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. तिथे त्याला तसे सांगितले गेले होते. चौथ्या महिन्यात तो अर्धांगाने पडला. आज हाताला पकड नाही, आणि वेल्डरचा हात गेला म्हणजे काय गेले हे सांगायला नको. मला राग येतो तो अशा वेळी, आणि तो योगाचा नसतो. ज्या विद्येसाठी एका माणसाने आतड्यात नळ्या घालून पारा मोजला, ती विद्या मोजमाप झुगारून विकली जाते, त्याचा तो राग असतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्कटेबल चार इंचांनी खाली असेल तर कामगाराला दिवसभर वाकावे लागते. टेबल वर घेण्याऐवजी त्याला पाठीची आसने शिकवणे व्यवस्थापनाला स्वस्त पडते. वर्षातून एकदा सकाळी हिरवळीवर चटया अंथरल्या, छायाचित्र काढले, की झाले. आसनाने पाठ थोडी सावरेल, पण टेबलाची उंची आसनाने बदलत नाही. ती फूटपट्टीने मोजायची आणि पाना घेऊन बदलायची.

निवृत्तीनंतर मी निगडीत, सोसायटीच्या सभागृहात, पहिल्या पाळीच्या लोकांसाठी पहाटे पाच वाजता एक छोटा वर्ग घेतो. नवीन कोणी आले की त्याच्याकडे डॉक्टरचा कागद मागतो. रक्तदाब किती, मणक्यातली गादी सरकली आहे का, डोळ्यांत काचबिंदू आहे का. काचबिंदू असेल तर डोके खाली, पाय वर असे काही नाही. रक्तदाब असेल तर श्वास कोंडणे नाही. कंबर धरलेली असेल तर पुढे वाकणे तूर्त नाही. भुजंगासनही अर्धे, दुखेल तिथे थांबायचे. सुरुवात स्वामीजींच्या त्या सोप्या अभ्यासक्रमाच्या वळणाने. शेवटी शवासन दहा मिनिटे, आणि त्यात कोणी घोरू लागला तर त्याला उठवायचे नाही, कंपनीच्या बसची वेळ होईपर्यंत. प्रत्येकाची एक वही ठेवली आहे. तीत दर सोमवारी वेदना शून्य ते दहांपैकी किती, रात्री झोप किती तास, एवढेच लिहायचे. मागच्या वर्षी बाविसांपैकी चौदा जणांचे आकडे सुधारले, पाच जणांचे जिथल्या तिथे राहिले, तिघांचे बिघडले. त्या तिघांना मी परत डॉक्टरकडे पाठवले आहे.